बॅलन्सिंग व्हॉल्व्ह सप्लायवर की रिटर्नवर? आधी तो मोजता येतोय का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधलं आठ मजली रुग्णालय. पाणी थंड करणारा चिलर आणि पंप तळघरात, यंत्रणेतल्या पाण्याचं प्रसरण सामावणारी एक्स्पान्शन टाकी गच्चीवर. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक एएचयूच्या (कॉइलमधल्या थंड पाण्याने हवा गार करणाऱ्या मोठ्या यंत्राच्या) रिटर्न लाइनवर, म्हणजे पाणी परत नेणाऱ्या पाइपवर, पाण्याचं प्रमाण जुळवणारा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह दाखवलाय, पण ठेकेदाराने जागा नाही म्हणून बावीस ठिकाणी तो सप्लायवर, म्हणजे थंड पाणी आणणाऱ्या पाइपवर बसवला. सल्लागार म्हणतात, सगळे काढा आणि रिटर्नवर घ्या. ठेकेदार म्हणतो, पाणी तेवढंच जाणार, फरक काय पडतो? त्यातच एफसीयूंना, म्हणजे खोलीतल्या छोट्या युनिटना, पीआयसीव्ही आहेत, म्हणजे दाब बदलला तरी ठरलेलंच पाणी सोडणारे व्हॉल्व्ह, आणि त्यांच्या जोडीला हाताने फिरवायचे बॅलन्सिंग व्हॉल्व्हही लावलेत. हँडओव्हर जवळ आलाय आणि विचारणारे साइट इंजिनिअर दोघांच्या कात्रीत सापडलेत.

ठेकेदाराचं म्हणणं चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. कॉइल, टू-वे व्हॉल्व्ह (गरजेप्रमाणे पाणी कमी-जास्त करणारा कंट्रोल व्हॉल्व्ह), स्ट्रेनर (गाळणी) आणि बॅलन्सिंग व्हॉल्व्ह हे सगळे एकाच लाइनवर एकामागे एक बसलेले असतात. त्या लाइनमधून जाणारं पाणी एकच. व्हॉल्व्हने 20 किलोपास्कल दाब कॉइलच्या आधी खाल्ला काय किंवा नंतर खाल्ला काय, सप्लाय हेडर आणि रिटर्न हेडर या मुख्य पाइपांमधला एकूण दाब तोच राहतो आणि पाणीही तेवढंच राहतं. त्यामुळे नुसत्या प्रवाहाचा विचार केला तर बाजू बदलून काही बिघडत नाही. फरक पडतो तो कॉइलच्या आतल्या दाबाला आणि पाण्यातल्या हवेला.

व्हॉल्व्हचं तोंड अरुंद असतं. तिथे पाण्याचा वेग वाढतो, दाब पडतो, आणि पाण्यात विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात सुटते. खालच्या मजल्यांवर डोक्यावर वीस-पंचवीस मीटर पाण्याचा स्तंभ असतो, म्हणजे दोन-अडीच बार दाब. तिथे ही हवा सुटतच नाही म्हटलं तरी चालेल. आठव्या मजल्यावर मात्र टाकी एएचयूच्या जेमतेम तीन-चार मीटर वर असते. पंप बंद असताना दाब 0.3 ते 0.4 बार. अशा ठिकाणी सप्लायवरचा व्हॉल्व्ह जोरात दाबलेला असेल तर सुटलेली हवा थेट कॉइलमध्ये जाते आणि वरच्या नळ्यांत साठून बसते. मग एअर व्हेंट रोज सकाळी सोडला तरी संध्याकाळी पुन्हा तोच फसफसणारा आवाज. व्हॉल्व्ह रिटर्नवर असेल तर कॉइलला व्हॉल्व्हच्या आधीचा, म्हणजे जास्तीचा दाब मिळतो, आणि जी काही हवा सुटते ती पुढे रिटर्नमधून एअर सेपरेटरकडे निघून जाते. रिटर्नचा आग्रह धरण्यामागचं खरं कारण हे आहे.

घाम सुटण्याचं कारण मी मुद्दाम सांगत नाही. सप्लायचं पाणी 7 अंशांचं आणि रिटर्नचं 12-13 अंशांचं, म्हणून रिटर्नवरच्या व्हॉल्व्हला घाम कमी सुटतो, असं बरेच जण सांगतात. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. तिथे 7 काय आणि 13 काय, उघडं पितळ दोन्हीकडे सारखंच ठिबकणार. इन्सुलेशन दोन्हीकडे नीटच करायचं आहे.

तेव्हा तुमच्या इमारतीसाठी माझं मत असं. वरच्या दोन मजल्यांवरचे व्हॉल्व्ह रिटर्नवर घ्या, त्यात तडजोड नको. ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यांवर असतील आणि तिथल्या कॉइलमध्ये हवा अडकली तर आधी आर्द्रता चढते, तापमान त्यानंतर. सर्जन फोन करतात तेव्हा खोलीत ओल आलेली असते. खालच्या मजल्यांवर जिथे सरळ पाइप पुरेसा आहे आणि हात पोचतो, तिथे सप्लायवरचे व्हॉल्व्ह राहू द्या. सल्लागारांना हेच कारण लिहून द्या आणि त्यांची लेखी मान्यता घ्या. तत्पूर्वी एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी बघून या: टाकीची लाइन नेमकी कुठे जोडली आहे? पंपाच्या सक्शन हेडरला जोडली असेल तर उत्तम, कारण मग वरच्या मजल्यावरच्या रिटर्नला टाकीच्या दाबापेक्षा थोडा जास्तच दाब मिळतो. पाइप वाचवायला ती गच्चीजवळच रिटर्न रायझरला (मजल्यांमधून जाणाऱ्या उभ्या पाइपला) जोडलेली असेल तर तो जास्तीचा आधार जातो. आणि चुकून सप्लाय रायझरला जोडली असेल, तर पंप चालू झाल्यावर वरच्या मजल्याचं रिटर्न वातावरणापेक्षा कमी दाबावर जाऊ शकतं. मग व्हेंटमधून हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत ओढली जाते. असं असेल तर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह कुठेही लावा, तक्रार मिटणार नाही. आधी टाकीची लाइन हलवायला हवी.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो, तो मुद्दा. बाजूवरून भांडण होतं, पण बावीस व्हॉल्व्हपैकी कितींच्या मागेपुढे सरळ पाइप आहे हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह हे आधी मोजमापाचं साधन आहे. त्याच्या दोन टेस्ट पॉइंटमधला दाबाचा फरक आणि हँडलचे फेरे, या दोन आकड्यांवरून आपण पाणी किती जातंय ते काढतो. हे गणित तेव्हाच खरं ठरतं, जेव्हा व्हॉल्व्हमध्ये शिरणारं पाणी शांत असतं. म्हणून व्हॉल्व्हच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट आणि नंतर दुप्पट सरळ लांबी सोडायची. आधी पंप असेल तर दहापट. 50 मिमीच्या लाइनवर हे 250 आणि 100 मिमी होतात, अगदी वीतभर आणि चार बोटं. एवढी जागा एएचयू रूममध्ये निघते, फक्त पाइप कापायच्या आधी फिटरला सांगायला हवं.

पुण्यातल्या एका कार्यालयीन इमारतीत मी हे चांगलंच अनुभवलंय. एकाच मापाच्या चार एएचयूंपैकी एकीची तक्रार, दुपारी दोननंतर खोली थंड होत नाही. बॅलन्सिंगच्या अहवालात तिथे 11 घनमीटर प्रति तास लिहिलेलं, म्हणजे हवं तेवढं. मी मीटर लावला तर आकडा स्थिर राहीना: 10.2, 11.6, 10.7, पुन्हा 11.5. व्हॉल्व्ह एल्बोला चिकटून बसवला होता, मधे हाताचं बोट जाईल एवढीसुद्धा जागा नव्हती. वेल्डची शिवण संपली की फ्लँज सुरू. कॉइलच्या दोन्ही बाजूंना तापमान घेतलं तर आत 7.2 आणि बाहेर 14, जवळजवळ सात अंशांचा फरक. डिझाइन साडेपाचचं. पाणी भरपूर असेल तर फरक एवढा वाढत नाही. मग अल्ट्रासोनिक मीटर आणून लाइनच्या सरळ भागावर बांधला, आणि त्याने 9 दाखवले. व्हॉल्व्ह दीड फूट पुढे नेल्यावर तोच जुना मीटर 9 वर निश्चल उभा राहिला. दोन फेरे उघडले, पाणी पुरेसं झालं, तक्रार संपली. वर्षभर ती माणसं उकाड्यात बसली होती आणि कागदावर सगळं बरोबर होतं. तेव्हापासून एकही अहवाल मी तापमान न बघता मान्य करत नाही.

टू-वे व्हॉल्व्हच्या लगेच पुढे बॅलन्सिंग व्हॉल्व्ह बसवला तरी हेच होतं, कारण कंट्रोल व्हॉल्व्हमधून पाणी घुसळून निघतं, त्यात पुढेमागे रिड्यूसर असतात. जागा कमी असेल तर मी क्रम उलटा करतो: कॉइल, सरळ पाइप, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह, मग टू-वे व्हॉल्व्ह, शेवटी लाइन बंद करायचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह. बॅलन्सिंग व्हॉल्व्हनंतर दोन व्यास सोडले की भागतं. दोघे एकाच लाइनवर असल्याने क्रमाने पाण्यात फरक पडत नाही. स्ट्रेनर मात्र नेहमी सप्लायवर, कॉइलच्या आधी.

माप निवडतानाही हीच चूक होते. लाइन 65 मिमीची, म्हणून व्हॉल्व्हही 65 मिमीचा. 20 टीआरचा (टन रेफ्रिजरेशन, थंडाव्याची क्षमता) एएचयू घ्या. साडेपाच अंशांच्या फरकाला टीआरमागे 2.4 गॅलन प्रति मिनिट, म्हणजे 48 गॅलन, म्हणजे 10.9 घनमीटर प्रति तास. 65 मिमीच्या व्हॉल्व्हचा पूर्ण उघडा केव्ही (1 बार दाबाच्या फरकाला तासाला जाणारं पाणी, घनमीटरमध्ये) 85 धरला, तर दाबातला फरक येतो (10.9 ÷ 85) चा वर्ग, म्हणजे 0.016 बार, 1.6 किलोपास्कल. मोजण्यासाठी किमान 3 किलोपास्कल तरी हवेत. त्याखाली मीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. मग हा व्हॉल्व्ह बराच दाबूनच वापरावा लागतो, जिथे थोडं हललं तरी पाणी धाडकन बदलतं. तिथे 50 मिमीचा, केव्ही 33 चा व्हॉल्व्ह घेतला तर फरक साधारण 11 किलोपास्कल येतो. मोजायला सुखाचं, शिवाय व्हॉल्व्ह स्वस्त. 2 टीआरच्या एफसीयूलाही तसंच: पाणी 1.09 घनमीटर. 25 मिमीच्या, केव्ही 8.7 च्या व्हॉल्व्हवर दीड किलोपास्कल, 20 मिमीच्या 5.7 वर साडेतीनच्या पुढे. खरेदीची यादी हातात असेल तर आजच पाण्याच्या आकड्यांशी ताडून बघा. केव्ही मात्र तुमच्या कंपनीच्या तक्त्यातला घ्या, माझा नको.

कुठे कुठे लावायचे, यावर येतो. फक्त हाताने फिरवायचे व्हॉल्व्ह असलेल्या यंत्रणेत ते प्रत्येक एएचयूला, प्रत्येक मजल्याच्या शाखेला आणि प्रत्येक रायझरला लागतात. शाखेचा व्हॉल्व्ह बिल वाढवायला टाकलेला नसतो. एका शाखेतल्या एएचयूंचं आपसातलं प्रमाण एकदा जुळवलं की बाहेर दाब कितीही बदलू दे, त्या सगळ्यांचं पाणी एकाच प्रमाणात वाढतं किंवा कमी होतं. म्हणून आधी मजल्यावरचे एएचयू एकमेकांशी जुळवायचे, मग मजले एकमेकांशी, मग रायझर. शाखेचा व्हॉल्व्ह नसेल तर आठव्या मजल्यावर एक हँडल फिरवलं की तिसऱ्यावरचं बिघडतं, आणि माणूस आठवडाभर जिने चढत-उतरत राहतो. रिव्हर्स रिटर्न पाइपिंग आहे म्हणून व्हॉल्व्ह वाचवू, हेही चालत नाही. त्याने पाइपची लांबी सारखी होते, कॉइलचा दाब सारखा होत नाही.

जिथे कधीच लावू नये अशा जागाही आहेत. पंपाच्या सक्शनवर नाही. कूलिंग टॉवरच्या बेसिनमधून निघणाऱ्या लाइनवर नाही, तिथे पंपाला आधीच दाब कमी असतो. टॉवर जुळवायचे तर त्यांच्या वरच्या इनलेटवर. प्रायमरी-सेकंडरी यंत्रणेत (चिलरचे पंप वेगळे, इमारतीचे वेगळे) या दोन भागांना जोडणाऱ्या डीकपलर पाइपवर तर अजिबात नाही. तो पाइप मोकळाच राहायला हवा, तेच त्याचं काम आहे.

डीकपलरचा विषय निघाला म्हणून पाणी जास्त गेलं तर काय बिघडतं, तेही सांगतो. बऱ्याच साइटवर ‘जास्त गेलं तर जास्त थंड होईल, जाऊ दे’ अशी समजूत असते. कॉइलला निम्मं पाणी दिलं तरी ती साधारण 75 टक्के काम करते. याचाच अर्थ वरचं जास्तीचं पाणी जवळजवळ फुकट जातं, फक्त रिटर्न थंडगार परत येतं. समजा प्रायमरीत 100 घनमीटर फिरतंय 7 अंशांचं, आणि सेकंडरी पंप 120 ओढतोय. उरलेलं 20 डीकपलरमधून उलट येतं, 13 अंशांचं. मिसळून सप्लाय होतो 8 अंशांचा. आता सगळ्या इमारतीत पाणी एक अंशाने कोमट. टू-वे व्हॉल्व्ह आणखी उघडतात, आणखी पाणी मागतात, आणि ऑपरेटर दुसरा चिलर चालू करतो. पंपाजवळच्या चार एएचयूंनी हव्यापेक्षा जास्त पाणी ओढलं आणि त्याचं वीजबिल अख्ख्या इमारतीने भरलं.

आता तुमच्या एफसीयूंचे पीआयसीव्ही. पीआयसीव्ही स्वतःच ठरलेल्या आकड्यावर पाणी रोखतो. त्याच्या जोडीला लावलेला हाताचा व्हॉल्व्ह पाणी जुळवायला उपयोगाचा नाही, उलट तो दाबला तर पीआयसीव्हीला चालायला लागणारा किमान दाबच खातो. तो काढायची घाई नको, पण पूर्ण उघडा ठेवा, तसंच लॉक करा आणि फक्त मोजायला वापरा. पुढच्या कामात तो यादीतूनच वगळा. एका शाखेवर काही एएचयू हाताच्या व्हॉल्व्हवर आणि काही एफसीयू पीआयसीव्हीवर असतील तर वर सांगितलेला प्रमाणाचा नियम तिथे लागू होत नाही, कारण पीआयसीव्हीचं पाणी दाबासोबत बदलतच नाही. अशा मजल्यावर आधी सगळे पीआयसीव्ही पूर्ण उघडायला लावा, मग एएचयू जुळवा. पुढे इतर व्हॉल्व्ह बंद झाले की या एएचयूंवर दाब वाढणार आणि त्यांचे टू-वे व्हॉल्व्ह थोड्याशाच उघडझापीत काम करायला लागणार, दर काही मिनिटांनी उघड-मीट, उघड-मीट. पैसे असतील तर एएचयूंनाही पीआयसीव्ही घ्या. नसतील तर मजल्याच्या रिटर्नवर डीपीसीव्ही लावा, म्हणजे दाबाचा फरक कायम राखणारा व्हॉल्व्ह. त्याची केशनळी, म्हणजे दाब पोचवणारी बारीक नळी, सप्लायकडे जाते, आणि तिथे त्याच्या जोडीचा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह सप्लायवरच बसतो. म्हणजे रिटर्नचा नियम इथे आपणच मोडतो, आणि तो मोडायलाच हवा. केशनळी पाइपच्या बाजूने जोडा. खालून जोडली तर गाळ भरतो, वरून जोडली तर हवा.

पंपाचा वेग ठरवण्याची पद्धतही सांगून ठेवतो, कारण हँडओव्हरच्या गडबडीत हीच राहते. सगळे व्हॉल्व्ह उघडे, सगळ्यात दूरच्या पीआयसीव्हीच्या टेस्ट पॉइंटवर मीटर लावलेला, आणि एक माणूस तळघरात व्हीएफडीपाशी (पंपाचा वेग बदलणाऱ्या यंत्रापाशी) फोनवर. 50 हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ उतरवत जायचं, दूरच्या पीआयसीव्हीवर त्याचा किमान दाब जेमतेम उरेपर्यंत. तिथे थांबायचं, आणि त्या क्षणी डीपी (दाबातल्या फरकाचा) सेन्सर जो आकडा दाखवतोय तोच सेट पॉइंट. 50 वरून 42 वर आलात तर विजेचा हिशेब घनाने जातो, साधारण 60 टक्के उरतो. पंपावरचा मोठा व्हॉल्व्ह अर्धा दाबून 50 हर्ट्झवर पंप चालवणं म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबणं. अश्रे 90.1 या ऊर्जाबचतीच्या अमेरिकी मानकातसुद्धा आधी व्हॉल्व्हवर वाया जाणारा दाब कमीत कमी करा आणि मग पंपाचा वेग उतरवा किंवा इम्पेलर छाटा, असाच क्रम दिलेला आहे.

बॅलन्सिंगला हात लावायच्या आधी फ्लशिंग, म्हणजे पाइप आतून धुणं, पूर्ण झालंय का, हे कागदावर नका बघू, स्ट्रेनर उघडून बघा. वेल्डिंगचे खडे, टेफ्लॉन टेपचे तुकडे, कापडाची चिंधी, सगळं मिळतं. फ्लशिंगच्या वेळी कॉइल बायपास केलेल्या हव्यात आणि बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडे. अर्धा भरलेला स्ट्रेनर ठेवून जुळवलेली यंत्रणा तो स्ट्रेनर साफ झाल्यावर पुन्हा बिघडते.

हलवणार असाल त्या व्हॉल्व्हना या गोष्टी करून घ्या: बाणाची दिशा प्रवाहाबरोबर, टेस्ट पॉइंट आडवे, म्हणजे खाली गाळ आणि वर हवा भरणार नाही, आणि इन्सुलेशनच्या बाहेर निघतील एवढ्या लांबीचे. हँडल फॉल्स सीलिंगच्या ट्रॅपडोअरमधून दिसायला हवं. मी एकदा 14 व्हॉल्व्ह शोधायला जिप्सम फोडताना बघितलंय, आणि ते फोडायला लावणारा मीच होतो, कारण दुसरा इलाज नव्हता. एएचयूवर वेगळा बटरफ्लाय असू दे, बॅलन्सिंग व्हॉल्व्हनेच लाइन बंद करायची सवय मेंटेनन्सच्या मुलांना लागू देऊ नका. तरी ते कधीतरी बंद करणारच, म्हणून लॉक करा: हव्या त्या फेऱ्यांवर हँडल आणायचं, मधल्या स्पिंडलमध्ये ॲलन की घालून ती टेकेपर्यंत उजवीकडे फिरवायची. मग व्हॉल्व्ह बंद करता येतो, पण उघडताना त्याच फेऱ्यावर येऊन थांबतो. पूर्ण उघड्या ठेवायच्या व्हॉल्व्हचंही असंच करा. आकडा पाइपच्या इन्सुलेशनवर मार्करने लिहा आणि एएचयू रूमच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवा, कारण इन्सुलेशन कधीतरी बदललं जातं.

आठवा मजला आधी उरका. बदल झाल्यावर तिथल्या प्रत्येक एएचयूचे हँडलचे फेरे, दाबातला फरक, निघालेलं पाणी आणि कॉइलच्या दोन्ही बाजूंची तापमानं असे चार आकडे एका ओळीत लिहून पाठवा. दुपारी तीनच्या सुमाराचे असू देत, तेव्हाच खरा भार असतो.